लेदरच्या टाकीत हॅमर नांदेल का?

निफाडच्या एका ताईंचा प्रवाळांच्या टाकीबद्दल प्रश्न आहे (लेदर, हॅमर ही प्रवाळांचीच नावं). तीनशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी, खाली सम्प (पाणी गाळून परत पाठवणारी छोटी टाकी) आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), दोन वर्षं नीट चाललेली. आत एक मोठा टोडस्टूल लेदर, बोटांसारखा वाढलेला सिन्युलारिया, झेनिया, मशरूम आणि झोअँथिड, म्हणजे सगळा मऊ प्रवाळांचा कारभार. पुण्यातले ओळखीचे एक गृहस्थ आपली टाकी मोडतायत. त्यांच्याकडचे दगडी प्रवाळ, म्हणजे हॅमर, मॉन्टिपोराची एक थाळी आणि ॲक्रोपोराच्या दोन फांद्या, ते फुकट द्यायला तयार आहेत. ताई विचारतात, हे एकत्र नांदेल का, किती अंतर ठेवू, आणि पाण्यात काय बदल करू?

ताई, आधी सरळ उत्तर. हॅमर नांदेल. मॉन्टिपोरा नांदेल, पण पाण्याची शिस्त बसल्यावर. ॲक्रोपोरा या टाकीत आणू नका. मऊ आणि दगडी प्रवाळ एकत्र ठेवता येत नाहीत असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही, जगभर लोक ठेवतात. फक्त टाकी कुणाची हे आधी ठरवावं लागतं. तुमची टाकी लेदरची आहे. पाणी, प्रकाश, प्रवाह सगळं त्याच्या आवडीचं आहे, आणि त्यात जे दगडी प्रवाळ भागवून घेऊ शकतात तेवढेच घ्यायचे. दोघांना पन्नास-पन्नास टक्के खूश ठेवायला गेलेल्या टाक्यांत दोघंही कुढतात.

मी मस्कतमध्ये नोकरीला असताना अशा मिश्र टाक्या सांभाळल्या आहेत, खाली जे सांगतोय ते तिथल्या हातच्या कामावरून. नाशिकला परत आल्यापासून माझ्याकडे फक्त मऊ प्रवाळ आहेत. त्याचं कारण जीवशास्त्र नाही, कायदा आहे, आणि तो तुम्हालाही आधी बघावा लागेल.

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सगळे स्क्लेरॅक्टिनिया, म्हणजे सगळे दगडी प्रवाळ घातले गेले. वाघ ज्या अनुसूचीत आहे तीच ही. त्याच वेळी काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप आणि समुद्रपंखेही आत आले. त्यामुळे ‘मी तर फक्त सॉफ्ट ठेवतो’ म्हणणाऱ्यांनीही दुकानातून गॉर्गोनियन, म्हणजे समुद्रपंखा, उचलताना थांबावं. मालवण, लक्षद्वीप, मन्नारचं आखात, कच्छ, कुठूनही काढलेला जिवंत तुकडा घेणं हा सरळ गुन्हा आहे. शिवाय सगळे दगडी प्रवाळ वन्यजीव व्यापारावरच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात, म्हणजे परदेशातून आलेल्या मालालाही कागद हवेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने परदेशी प्रजातींच्या नोंदणीचं प्रकरणही कायद्यात आणलं. पुण्याचे गृहस्थ पैसे घेणार नाहीत हे चांगलंच, पण फुकट मिळालं तरी ताब्यात ठेवण्याचा प्रश्न उरतोच. तेव्हा डबा भरून आणण्याआधी त्यांच्याकडे कोणते कागद आहेत ते विचारा आणि वनविभागाच्या कार्यालयात लेखी चौकशी करा. तोंडी ‘काही होत नाही हो’ हे उत्तर दुकानदाराचं असतं, अधिकाऱ्याचं नाही. कागद नसतील तर माझा सल्ला स्पष्ट आहे: नको म्हणा, आणि मऊ प्रवाळांचीच टाकी आणखी सुंदर करा. कागद जमले असं धरून पुढचं लिहितो.

प्रवाळ भांडतात कसे, ते दोन प्रकारांनी. दगडी प्रवाळांची लढाई स्पर्शाची. दिवसा गोंडस दिसणारा हॅमर रात्री नेहमीपेक्षा लांब, बारीक, टोकाला दंशपेशींनी भरलेल्या सोंडा बाहेर सोडतो आणि प्रवाहाबरोबर त्या शेजाऱ्याच्या अंगावर जातात. काही प्रवाळ त्याहून पुढे जातात, पोटातले पचनाचे तंतू बाहेर काढून शेजाऱ्याचं मांस जागेवरच विरघळवतात. हे सगळं दिवे गेल्यावर चालतं, म्हणून मालकाला सकाळी फक्त पांढरा डाग दिसतो आणि तो पाण्याला दोष देत बसतो. दिवे बंद झाल्यावर तासाभराने लाल उजेडाचा टॉर्च घेऊन टाकीसमोर बसा. सोंडा कुठवर पोहोचतात आणि कोणत्या दिशेला वाहतात हे पाहिल्याशिवाय एकही तुकडा चिकटवू नका. हॅमरभोवती सगळीकडून १५ सेंटिमीटर मोकळे ठेवा, प्रवाह ज्या दिशेला जातो तिकडे थोडं जास्तच. गॅलॅक्सिया हा दगडी प्रवाळ कुणी देऊ केला तर घेऊ नका. त्याच्या सोंडा याच्या दुप्पट लांब जाऊ शकतात, आणि इतक्या लहान टाकीत त्याच्या टप्प्याबाहेरची जागा जवळजवळ उरतच नाही.

हॅमर, फ्रॉगस्पॉन आणि टॉर्च या तीन दगडी प्रवाळांना बाजारात एकाच घरातले भाऊ समजतात. हॅमर आणि फ्रॉगस्पॉन बहुतेक वेळा एकमेकांना चिकटून शांत उभे राहतात, टॉर्च मात्र दोघांनाही जाळतो. टाकी सांभाळणाऱ्यांना हे ठाऊक होतं, पुढे २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी हॅमर आणि फ्रॉगस्पॉन यांना युफिलियातून काढून फिम्ब्रियाफिलिया या वेगळ्या प्रजातीगटात ठेवलं आणि टॉर्च युफिलियातच राहिला. उद्या कुणी ‘हॅमर आहे ना, मग टॉर्चही त्याच कोपऱ्यात लावा’ म्हणालं तर ऐकू नका.

मऊ प्रवाळांची लढाई वेगळी. त्यांच्याकडे ना सांगाडा, ना तसल्या सोंडा. ते रसायन सोडतात. लेदर, सिन्युलारिया, लोबोफायटम या मंडळींच्या शरीरात टर्पिन जातीची संयुगं भरलेली असतात. माशांनी खाऊ नये म्हणून ती कामाला येतात, शेजारचा दगडी प्रवाळ वाढू नये म्हणूनही येतात. सॅमार्को, कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रेट बॅरिअर रीफवर मऊ प्रवाळ उचलून मुद्दाम दगडी प्रवाळांशेजारी नेऊन ठेवले होते. त्यांचा निबंध १९८३चा. काही जोड्यांत अंगाला अंग लागलेलं नसतानाही दगडी प्रवाळाचं मांस मेलं किंवा वाढ खुंटली. आणि ते उघड्या समुद्रात, जिथे दर क्षणाला नवं पाणी येतं. मैदानात कुणी ओरडलं तर ऐकू येतं आणि विरतं, तोच माणूस लिफ्टमध्ये ओरडला तर कान बसतात. तुमची तीनशे लिटरची टाकी ही लिफ्ट आहे. म्हणून मऊ आणि दगडी यांच्यात किती इंच ठेवू या प्रश्नाला अर्धाच अर्थ आहे. अंतराने फक्त स्पर्श टळतो. रसायन त्याच पाण्यातून फिरून, पंपातून जाऊन, दुसऱ्या टोकाला पोहोचतंच.

याच जागी एक गैरसमज फार पसरलेला आहे. लोक म्हणतात, ‘दोन टाक्या करतो, एकीत सॉफ्ट, दुसरीत ॲक्रोपोरा, खाली सम्प एकच.’ सम्प एक म्हणजे पाणी एक. काचेची भिंत मधे आली म्हणून रसायनाला काही कळत नाही. ॲक्रोपोरा हवाच असेल तर त्याला स्वतःचं पाणी, स्वतःचा सम्प, जमल्यास हात बुडवायला स्वतःचे हातमोजेसुद्धा.

रसायनावर उपाय जुना आणि स्वस्त आहे: ॲक्टिव्हेटेड कार्बन. ही सेंद्रिय संयुगं कार्बन चांगली धरतो, स्किमरही काही प्रमाणात बाहेर काढतो. तुमच्या टाकीत दगड, वाळू वजा जाता खरं पाणी अडीचशे लिटरच्या आसपास धरू. त्याला साधारण १०० ग्रॅम चांगला दाणेदार कार्बन पुरतो. आरओच्या पाण्यात काळी पावडर जाईपर्यंत धुवा, जाळीच्या पिशवीत भरा, आणि सम्पमध्ये जिथून पाणी त्यातून गेल्यावाचून पुढे जाऊच शकत नाही अशा फटीत बसवा. नुसती पिशवी कोपऱ्यात तरंगत ठेवली तर ती शोभेची. दर दोन ते तीन आठवड्यांनी बदला. जुना कार्बन धुऊन, उन्हात वाळवून परत वापरणारे लोक मी पाहिले आहेत. त्याने कार्बन नवा होत नाही.

पण पहिल्याच दिवशी १०० ग्रॅम टाकू नका. दोन वर्षं कार्बनशिवाय चाललेल्या टाकीचं पाणी किंचित पिवळसर झालेलं असतं. डोळ्याला कळत नाही, प्रवाळाला कळतं. कार्बन ती पिवळी झाक एका-दोन दिवसांत काढतो, आणि त्याच दिव्याखाली अचानक जास्त प्रकाश आत उतरतो. मशरूम आकसतात, लेदर फिका पडतो, आणि दोष ‘कार्बन खराब होता’ असा लागतो. अर्ध्या मात्रेने सुरुवात करा, आठवड्याने पूर्ण करा, आणि त्या काळात दिवा थोडा मंद ठेवा.

आता माझं एक मत, जे सगळ्यांना पटत नाही. मिश्र टाकीत दगडी प्रवाळ मेला की लोक लगेच लेदरच्या विषाकडे बोट दाखवतात. मी जेवढ्या अशा टाक्या उघडून पाहिल्या त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी खरा गुन्हेगार अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या कार्बोनेटचा साठा, निघाली. कारण साधं आहे. मऊ प्रवाळ सांगाडा बांधत नाही. त्याच्या अंगात बारीक चुनखडीच्या काट्या असतात, पण त्यासाठी तो पाण्यातून फारसं काही उचलत नाही. त्यामुळे फक्त मऊ प्रवाळ ठेवणाऱ्याला महिनोन्महिने चाचणी न करता चालतं, पाणी बदललं की झालं. दगडी प्रवाळ आला की तो रोज पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट खेचायला लागतो. मालकाची सवय तीच राहते, आणि पाणी हळूहळू रिकामं होतं. मग एक दिवस चाचणी होते, आकडा ५ दिसतो, घाबरून कुणीतरी एका झटक्यात ९ वर नेतं, आणि जे उपाशी राहून वाचलं असतं ते भरल्या ताटाने मरतं.

आकडे सांगतो. क्षारता, म्हणजे खारटपणा, ३५, म्हणजे २५ अंशांना रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२६ च्या जवळ. अल्कलिनिटी ७.५ ते ८.५ डीकेएच (हे तिचं एकक). कॅल्शियम ४०० ते ४४० मिलिग्रॅम प्रति लिटर, मॅग्नेशियम १२५० ते १३५०. यात नेमका आकडा कोणता यापेक्षा तो रोज तोच आहे का, हे महत्त्वाचं. अल्कलिनिटी दिवसात १ डीकेएचपेक्षा जास्त हलू देऊ नका, वरही नाही आणि खालीही नाही. सांगाडा बांधताना या दोन्ही गोष्टी ठरलेल्या प्रमाणात खर्च होतात. अल्कलिनिटी २.८ डीकेएच खाली आली तर कॅल्शियम साधारण २० मिलिग्रॅमने उतरलेलं असतं. म्हणून रोजचं मोजमाप अल्कलिनिटीचं ठेवा, कॅल्शियम पंधरवड्यातून एकदा पाहिलं तरी पुरतं.

समजा हॅमर आणि मॉन्टिपोरा रुळल्यावर तुमच्या टाकीत रोज अर्धा डीकेएच उतरतो. अडीचशे लिटरला अर्धा डीकेएच चढवायला पावणेचार ग्रॅमच्या आसपास खायचा सोडा लागतो. होय, किराणा दुकानातलाच, सोडियम बायकार्बोनेट. फक्त पुडीवर बेकिंग पावडर लिहिलं असेल तर ती ठेवून द्या, ती वेगळी वस्तू आहे. तेवढ्याच खर्चाचं कॅल्शियम भरून काढायला साडेतीन ग्रॅमच्या आत डायहायड्रेट कॅल्शियम क्लोराइड. दोन्ही वेगवेगळ्या बाटल्यांत आरओ पाण्यात विरघळवायचं, आणि टाकीत घालताना दोहोंत निदान अर्धा तास ठेवायचा, नाहीतर पाण्यातच चुनखडीचा पांढरा धूर होतो आणि प्रवाळाला मिळायचं ते तळाला बसतं.

नाशिक जिल्ह्यात याहून सोपी एक वाट आहे, ती म्हणजे चुन्याची निवळी. मार्च ते मे आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की उघड्या टाकीतून, पंखा चालू असेल तर, दिवसाला दोन लिटरच्या वर पाणी उडतं. ते भरून काढायला नाहीतरी गोडं पाणी घालायचंच असतं. तेच पाणी चुन्याची संतृप्त निवळी करून घातलं तर लिटरभरात त्या अर्ध्या डीकेएचची जवळजवळ भरपाई होते, कॅल्शियमसकट. लिटरला दीड-दोन ग्रॅम शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड, हलवून ठेवायचं, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी थेंब थेंब रात्री सोडायचं, कारण रात्री टाकीचा पीएच खाली असतो आणि निवळी तो वर धरते. पानाचा चुना वापरू नका, त्यात काय काय असतं ते कुणीच सांगत नाही. निवळीचा पीएच १२च्या वर जातो, डोळ्यांना आणि हाताला जपा, आणि एकदम ग्लासभर कधीही ओतू नका. यातली मेख अशी की जूनमध्ये पाऊस सुरू झाला की हवा ओली होते, बाष्पीभवन निम्म्यावर येतं आणि निवळीही तेवढीच कमी जाते. प्रवाळाची भूक मात्र तीच. मिश्र टाक्या पावसाळ्यात ‘उगाचच’ बिघडतात त्यातल्या कितीतरी अशा बिघडतात. मृग लागला की सोड्याची बाटली पुन्हा काढा.

नायट्रेट, फॉस्फेटचं गणित मऊ प्रवाळांच्या बाजूने झुकवा. नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०५ ते ०.१ मिलिग्रॅम प्रति लिटर. दगडी प्रवाळ म्हणजे काचेसारखं स्वच्छ पाणी, या समजुतीने लोक दोन्ही शून्यावर आणतात. मग लेदर वाळतो, झेनिया विरघळते, वाळूवर तपकिरी शेवाळी डायनोफ्लॅजेलेटचा थर चढतो. हॅमरला आणि मॉन्टिपोराला मी सांगितलेलं पाणी चालतं, आवडतंही. ॲक्रोपोराच्या बाबतीत मी ‘नको’ म्हटलं त्याचं अर्धं कारण रसायन आहे आणि अर्धं हे, की त्याला हवा तितका प्रकाश आणि प्रवाह दिला तर तुमचं बाकीचं घर त्रासात जातं.

प्रकाशाचा हिशेब असा. मशरूम, झोअँथिड, लेदर यांचं ५० ते १५० पारमध्ये (पार म्हणजे प्रवाळाला उपयोगी पडणाऱ्या प्रकाशाचं माप) छान चालतं, हॅमरचंही तेवढ्यातच. मॉन्टिपोराला दीडशे-दोनशे दिले की रंग धरतो. ॲक्रोपोरा २०० ते ३५० मागतो. पार मोजायचं यंत्र महाग आहे, कुणाकडे असेल तर एका संध्याकाळपुरतं मागून आणा आणि टाकीचा नकाशा काढून ठेवा. विकत घ्यायची गरज नाही.

मांडणी करताना दगडांपेक्षा पाण्याची वाट बघा. पाणी पंपातून कुठे येतं आणि कुठून सम्पमध्ये उतरतं हे ध्यानात घ्या. टोडस्टूल आणि सिन्युलारिया उताराच्या तोंडाजवळ न्या, म्हणजे त्यांच्या अंगावरून गेलेलं पाणी आधी कार्बन आणि स्किमरकडे जाईल. मॉन्टिपोरा पंपाच्या बाजूला, वर. हॅमर मधल्या उंचीला, जिथे सोंडा संथ डोलतात. त्या एकाच बाजूला ताणल्या गेल्या तर प्रवाह जास्त आहे, मांस सांगाड्याच्या कडेवर घासून फाटतं. झेनियाला मुख्य खडकावरून उतरवा आणि वाळूत एकट्या दगडावर बसवा. ती पसरते, चढते, आणि मॉन्टिपोराची थाळी तिला फार आवडते. मशरूमचंही तसंच, शिवाय ते सुटून तरंगत भलत्याच ठिकाणी बसतात, हॅमरच्या बुंध्याशी बसलेला मशरूम दिसला त्याच दिवशी काढा.

झोअँथिडबद्दल एक गंभीर गोष्ट. काही झोअँथिड आणि पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन असतं. ते माणसालाही घातक आहे. ते बसलेला दगड उकळू नका, कोरडा घासू नका, गरम पाण्याच्या पाइपने धुऊ नका. वाफेतून आणि तुषारांतून विषबाधा झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या आहेत. कापायचं असेल तर हातमोजे, चष्मा, आणि मुलं दुसऱ्या खोलीत.

लेदर कापायची वेळ आलीच, आणि टोडस्टूल वाढला की येतेच, तर टाकीत कापू नका. बादलीत टाकीचंच पाणी घ्या, तिथे कापा, तुकडे दुसऱ्या पाण्यात खळबळून धुवा आणि मगच परत ठेवा. त्या दिवशी कार्बन नवा घाला. जखमी लेदर सगळा साठा बाहेर टाकतो. एरवीही लेदर अधूनमधून चार-सहा दिवस, कधी आठवडाभर मिटतो आणि अंगावरून मेणचट पापुद्रा सोडतो. आजारी नसतो. थोडा जास्त प्रवाह द्या आणि तो पापुद्रा हॅमरवर जाऊन पडण्याआधी नळीने ओढून घ्या.

निफाडचं म्हणून वेगळं सांगायचं ते तीन गोष्टींचं. पहिली, थंडी. तुमच्याकडचा पारा डिसेंबर-जानेवारीत एक आकडी उतरतो तेव्हा टाकीला २५ अंशांवर धरायला हीटर लागतोच. एक मोठा घेण्याऐवजी दोन छोटे घ्या. एक अडकून चालूच राहिला तरी टाकी उकडत नाही, एक बंद पडला तरी गारठत नाही. उन्हाळ्यात कोरड्या हवेचा फायदा असा की पाण्यावर मारलेला साधा पंखा दोन-तीन अंश सहज उतरवतो. त्याने भागलं नाही तरच चिलरचा खर्च करा. वीज गेली तर इन्व्हर्टरवर आधी वेव्हमेकर ठेवा. दिवा दिवसभर नसला तरी चालतं, पाणी हललं नाही तर मासे आणि प्रवाळ दोघांनाही ऑक्सिजन कमी पडतो.

दुसरी, पाणी. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी कितीही गोड लागलं तरी आरओ आणि त्यापुढे उरलेले क्षार धरणारी डीआय राळ, टीडीएस मीटरवर शून्य, तेव्हाच टाकीत. शून्याचे दोन-तीन झाले की राळ बदलायची.

तिसरी तुमच्या गावाची खास, आणि ही मी सगळ्यात वर ठेवीन. मोरचूद. बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद आणि चुना, आणि मोरचुदातलं तांबं प्रवाळ, कोळंबी, गोगलगाय या सगळ्यांना अगदी थोड्या मात्रेतही मारतं. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी रोगाच्या भीतीने फवारण्या सुरू होतात तेव्हा घरातल्या कुणीही बागेतून येऊन टाकीत हात घालायचा नाही, साबणाने धुतलेला असला तरी नाही. फवारणीच्या शेडमधली बादली, मग, नळी यांतलं काहीही टाकीच्या कामाला वापरायचं नाही. बाग घराला लागून असेल तर फवारणीच्या दिवशी टाकीच्या खोलीच्या खिडक्या बंद आणि स्किमरची हवा आतल्या खोलीतून. कीटकनाशकांचंही हेच, घरात मारायच्या डासांच्या स्प्रेसकट. त्यातली पायरेथ्रॉइडं मासे आणि कोळंबीला फार लवकर लागतात. कार्बन तांब्याला भरवशाने धरत नाही, म्हणून ‘आपल्याकडे कार्बन आहे’ हा दिलासा इथे घेऊ नका. माशांच्या औषधांतही तांबं असतं, ती मुख्य टाकीत कधीच नाही.

क्रमाचं एवढंच. आधी दोन महिने काही न आणता आठवड्यातून दोनदा अल्कलिनिटी मोजा आणि वहीत लिहा. कार्बन बसवा, झेनिया हलवा, लेदरची जागा पक्की करा. मग फक्त हॅमर. आणताना कोरल डिप करा, म्हणजे कीड मारणाऱ्या द्रावणात बुडवा, सांगाड्याच्या फटींत चपटे कृमी आणि अंडी आहेत का ते भिंगाने पाहा, शक्य असेल तर पंधरा-वीस दिवस वेगळ्या छोट्या टाकीत ठेवा. हॅमरच्या एखाद्या डोक्यावर (फांदीच्या टोकावरच्या फुलोऱ्यावर) तपकिरी जेलीसारखा लगदा दिसला तर ते डोकं लगेच तोडून बाहेर, वाट बघायची नाही. हॅमर महिनाभर फुललेला राहिला की मॉन्टिपोराची पूर्ण थाळी नको, अंगठ्याएवढा तुकडा. त्याच्या कडेला पांढरी नवी रेघ वाढताना दिसली म्हणजे पाणी त्याला मान्य आहे. कड तपकिरी होऊन मागे सरकायला लागली तर उरलेली थाळी पुण्यातच राहू द्या.

पुढे काही बिघडलं तर दोष कुणाचा हे ओळखायची माझी पद्धत अशी. एकटा लेदर मिटलाय, बाकी सगळे खुले, तर काही करू नका, पापुद्रा सुटेल. एकटा हॅमर मिटलाय, तर रात्री लाल उजेड घेऊन बसा, नाहीतर दिवसा प्रवाह पाहा, कधी कधी एखादा मासा किंवा कोळंबी त्याला टोचत असते. दगडी सगळे मलूल आणि मऊ सगळे मजेत, तर पहिला संशय अल्कलिनिटीवर, दुसरा संपलेल्या कार्बनवर, याच क्रमाने. आणि मऊ, दगडी, गोगलगायी सगळे एकाच दिवशी मिटले तर ते आपापसातलं भांडण नव्हे. तापमान पाहा, क्षारता पाहा, पंप चालू आहेत का पाहा, आणि घरात कुणी फवारणीचे कपडे घालून आलं होतं का ते विचारा. तांब्याचा संशय असेल तर तांबं धरणारं खास माध्यम सम्पमध्ये टाका आणि त्याच दिवशी निम्मं पाणी बदला. मीठ कालवून, तापवून तयार ठेवलेलं पिंपभर पाणी घरात कायम असलं पाहिजे ते याचसाठी.